ओळ नेमकी कुठे संपते? वाचकांचे प्रश्न

मजकुराच्या ओळी सुट्या करणे हे प्रोग्रॅमिंग शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात करायचे काम. तरीही या खेपेच्या टपालात सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आहेत. पाठवणाऱ्यांत विद्यार्थी आहेत, तसे दुकानाचे हिशेब सांभाळणारे आणि कार्यालयात याद्या करणारेही आहेत. म्हणून यावेळचे सदर पूर्ण त्यालाच दिले आहे. फंक्शनची आणि आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायची. ‘बॅकस्लॅश-एन’ म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि तिला चिकटून लहान लिपीतला एन; ओळ संपवणारे न्यूलाइन हे अदृश्य अक्षर प्रोग्रॅममध्ये असे लिहितात.

प्रश्न : पायथन शिकते आहे. एका फाइलमध्ये अजनी, इतवारी, कामठी अशी तीन स्थानकांची नावे एकाखाली एक लिहिली आहेत. फाइल वाचून बॅकस्लॅश-एनवर ‘स्प्लिट’ केले की लिस्टची लांबी चार येते. लिनक्सवरची ओळी मोजायची आज्ञा ‘डब्ल्यूसी -एल’ मात्र तीन सांगते. खरे कोण?
– विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, कारण दोघे वेगवेगळी गोष्ट मोजतात. तुम्ही ‘कामठी’नंतर एंटर दाबले आहे, म्हणून फाइलमध्ये तीन न्यूलाइन आहेत. दोरीला तीन ठिकाणी कात्री लावली की चार तुकडे होतात. ‘स्प्लिट’ तेच करते. चौथा तुकडा म्हणजे शेवटच्या न्यूलाइननंतर उरलेली रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. ‘डब्ल्यूसी -एल’ तुकडे मोजत नाही, न्यूलाइन मोजते. ‘कामठी’नंतरचे एंटर खोडून बघा: नावे तीनच राहतील, पण ‘डब्ल्यूसी’ दोन सांगेल.

युनिक्सच्या परंपरेत न्यूलाइन ही ओळीच्या शेवटाची खूण आहे. पॉझिक्स या मानकातली ओळीची व्याख्याच अशी आहे की शून्य किंवा अधिक अक्षरे आणि त्यांच्यामागे एक न्यूलाइन. ‘स्प्लिट’ तिलाच दोन ओळींमधली भिंत समजते. फरक सगळा इथे आहे.

तुमच्या कामासाठी पायथनचे ‘स्प्लिटलाइन्स()’ वापरा. शेवटी एंटर असो वा नसो, ते तीनच नावे देते. रिकाम्या स्ट्रिंगवर चालवले तर रिकामी लिस्ट देते; ‘स्प्लिट’ तिथेही एक रिकामे घर असलेली लिस्ट देते, आणि ‘फाइल रिकामी आहे का’ ही तपासणी फसते. ओळीच्या शेवटची खूण जपायची असेल तर कंसात ‘कीपएंड्स=ट्रू’ लिहा.

‘जादा रिकामी ओळ आली ना, मग सगळ्या रिकाम्या ओळी गाळून टाकू’ हा उपाय करू नका. परिच्छेदांमधल्या खऱ्या रिकाम्या ओळीही त्यात जातात, आणि पुढे ‘१२व्या ओळीत चूक आहे’ असे प्रोग्रॅमने सांगितले की ती ओळ भलतीकडेच सापडते.

बरे, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीत चालतात. ‘ओळी = मजकूर.स्प्लिटलाइन्स()’ यातले ‘ओळी’ आणि ‘मजकूर’ खुशाल मराठीत लिहा, फंक्शनचे नाव तेवढे रोमनमध्ये. सुरुवातीला समजायला सोपे जाते.

प्रश्न : कळमना बाजारातल्या अडत दुकानाची मालयादी नोड जेएसने, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये, वाचतो. प्रत्येक ओळीवर एका मालाचे नाव. ओळ ‘तूर’ आहे का हे तपासले तर उत्तर ‘नाही’ येते, स्क्रीनवर मात्र स्पष्ट ‘तूर’ दिसते. तिच्यापुढे ‘चा भाव’ जोडून छापले तर काळ्या खिडकीत ‘तूर’ गायब होऊन ‘चा भाव’ तेवढे ओळीच्या सुरुवातीला दिसते. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये केलेली आहे.
– हिशेबनीस, कळमना

उत्तर : स्ट्रिंगची लांबी छापून बघा. ‘तूर’ची लांबी ३ यायला हवी: त, दीर्घ उकार, र. तुम्हाला ४ दिसेल. चौथे अक्षर म्हणजे कॅरेज रिटर्न, बॅकस्लॅश-आर.

टाइपरायटरचा दांडा ओढला की दोन कामे होतात. गाडा ओळीच्या सुरुवातीला परत येतो आणि कागद एक ओळ वर सरकतो. टेलिप्रिंटरवर या दोन कामांना दोन वेगळे संकेत होते: कॅरेज रिटर्न (आस्की या अक्षर-क्रमांकांच्या तक्त्यात १३) आणि लाइन फीड (आस्की १०). डॉस आणि पुढे विंडोजने दोन्ही ठेवले. युनिक्स व लिनक्सने फक्त १० ठेवला. मॅक ओएस ९ पर्यंतच्या जुन्या मॅकवर फक्त १३ होता. तुम्ही कापले १० वर, म्हणून १३ मागे राहून गेला. काळ्या खिडकीतला प्रकारही त्याचाच. ‘तूर’ छापली गेली, मग १३ ने कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेला आणि ‘चा भाव’ तिच्यावरच छापला गेला.

जावास्क्रिप्टमध्ये स्प्लिटला रेगेक्स (कोणती अक्षरे शोधायची त्याचा नमुना) द्या: बॅकस्लॅश-आर, प्रश्नचिन्ह, बॅकस्लॅश-एन. प्रश्नचिन्हाचा अर्थ, आधीचे बॅकस्लॅश-आर असले तर घे, नसले तरी चालेल. यात दोन्ही प्रकारच्या फाइली बसतात. शेवटी एंटर असेल तर पहिल्या प्रश्नातले रिकामे घर इथेही येते. शेवटचा घटक रिकामा असेल तर तो एकच काढून टाका.

यावर लोक आणखी तीन उपाय करतात आणि तिन्ही अडचणीत आणतात. दोन्ही अक्षरे चौकोनी कंसात घालून कापले तर प्रत्येक ओळीनंतर एक खोटी रिकामी ओळ येते. त्या कंसापुढे अधिक चिन्ह लावले तर खोट्या ओळी जातात, पण त्यांच्याबरोबर खऱ्या रिकाम्या ओळीही जातात. तिसरा उपाय रिप्लेस करण्याचा. तिथे क्रम सांभाळा: आधी जोडी (१३ व १०) बदलून १० करा, मग उरलेले सुटे १३. उलट केले तर प्रत्येक जोडीचे दोन १० होतात आणि ओळी दुप्पट.

पायथनमध्ये साधे ‘ओपन’ केले की हे बदल तोच करतो, तिन्ही प्रकार बॅकस्लॅश-एन होऊन हातात येतात. पण फाइल बाइट स्वरूपात (‘आरबी’) उघडली किंवा मजकूर नेटवर्कवरून आला तर ही सोय मिळत नाही.

उलट दिशेची तक्रारही येते: लिनक्सवर केलेली फाइल जुन्या नोटपॅडमध्ये एकाच लांबलचक ओळीत दिसते. नोटपॅडला सुटा १० कळू लागला तो २०१८ च्या विंडोज १० अपडेटपासून.

प्रश्न : विदर्भातल्या गावांची यादी आहे. पायथनने वाचून ‘रीड’ आणि मग ‘स्प्लिटलाइन्स’ करतो. नागपूर, कामठी, सावनेर एवढीच नावे ठेवून बघितले तेव्हा एरर नाही आला, पण अक्षरांच्या जागी विचित्र खुणा आल्या. ‘वर्धा’ घातल्यावर मात्र ‘चारमॅप’ एरर आला, बाइट ८डी वाचता येत नाही म्हणून. एकाने एन्कोडिंग ‘लॅटिन-१’ टाकायला सांगितले. एरर गेला, पण आता अमरावती, अकोला, अचलपूर या नावांच्या ओळी मधूनच तुटतात. नागपूर, भंडारा, गोंदिया शाबूत आहेत. फाइल खराब झाली आहे का?
– कार्यालयीन कर्मचारी, महाल

उत्तर : फाइल ठणठणीत आहे. कुलूप एका कंपनीचे आणि किल्ली दुसऱ्या कंपनीची, असे झाले आहे. तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की त्यावरून प्रत्येक पायरी उलगडता येते, आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा बघावीच.

एन्कोडिंग म्हणजे कोणते अक्षर कोणत्या बाइटने साठवायचे याची पद्धत. तुमची फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. चिन्ह म्हणजे स्वर, व्यंजन, काना, वेलांटी, हलन्त, सगळी वेगवेगळी धरायची. षोडशमान पद्धतीत (० ते ९ आणि पुढे ए ते एफ असे सोळा अंक) लिहायचे तर पहिला बाइट ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि तिसरा चिन्हाप्रमाणे बदलतो. इंग्रजी विंडोजवर ‘ओपन’ला एन्कोडिंग सांगितले नाही, तर पायथन सहसा सीपी-१२५२ धरतो. त्याच्या हिशेबात एक बाइट म्हणजे एक अक्षर, आणि तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी.

आता ‘नागपूर’ घ्या. सहा चिन्हांचे तिसरे बाइट ए८, बीई, ९७, एए, ८२, बी०. एकही रिकाम्या जागेवर पडत नाही. म्हणून एरर येत नाही, फक्त सहा चिन्हांच्या जागी अठरा निरर्थक खुणा दिसतात. ‘वर्धा’मध्ये र ला हलन्त आहे, आणि हलन्ताचा तिसरा बाइट ८डी. जागा रिकामी, पायथन थांबला. थोडक्यात, जोडाक्षर आले की एरर. ऱ्हस्व उकार (८१), ए (८एफ), ऐ (९०) आणि झ (९डी) यांनीही तेच होते, म्हणून ‘बुलढाणा’ही अडेल. चार सोप्या नावांवर चाचणी घेऊन ‘निदान वाचते तरी’ असे ठरवले जाते, आणि खरी यादी दिली की पहिल्याच जोडाक्षरावर गाडे अडते, ते यामुळे.

लॅटिन-१ मध्ये २५६ च्या २५६ जागा भरलेल्या आहेत, त्यामुळे तो कुठल्याही फाइलवर एरर देतच नाही. आणि घात तिथेच होतो. त्यातली ८५ ही जागा ‘नेक्स्ट लाइन’ नावाच्या नियंत्रण-अक्षराची आहे, आणि ‘स्प्लिटलाइन्स’ तिलाही ओळीचा शेवट मानते. ‘अ’चे बाइट आहेत ई०, ए४, ८५. झाले, प्रत्येक ‘अ’वर ओळ तुटते. कॅम्प, बॅग अशा शब्दांतल्या अर्धचंद्राचे बाइट ई०, ए५, ८५, म्हणजे तिथेही तुटणार. नागपूर, भंडारा, गोंदिया यांत ‘अ’ हे अक्षर नाही, ती वाचली.

‘ठ’चाही एक धोका आहे. त्याचा तिसरा बाइट ए०, आणि लॅटिन-१ मध्ये ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. ‘स्ट्रिप’ केले की ओळीच्या टोकाची मोकळी जागा छाटली जाते. म्हणजे ‘विद्यापीठ’, ‘मीठ’, ‘पीठ’ यांनी संपणाऱ्या ओळींचा शेवटचा बाइट गेला, आणि परत लिहिलेल्या फाइलमध्ये ‘ठ’च्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकट.

उपाय एका ओळीचा आहे:

ओपन('गावे.टीएक्सटी', एन्कोडिंग='यूटीएफ-८')

फाइल एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी घरे वेगळी केलेली साधी मजकूर-फाइल) काढली असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा. एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट घालतो. साध्या यूटीएफ-८ ने वाचले तर ते पहिल्या नावाला अदृश्यपणे चिकटतात, ‘स्ट्रिप’ने निघत नाहीत, आणि यादीतले फक्त पहिलेच गाव ‘सापडत नाही’. पहिलेच नाव जुळत नसेल तर सगळ्यात आधी हाच संशय घ्या. प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग लिहायचा कंटाळा येत असेल तर पायथन ३.७ पासून ‘पायथनयूटीएफ८’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमच्या बाहेर, संगणकावर ठेवायची सेटिंग) १ ठेवता येते. पण प्रोग्रॅम दुसऱ्याच्या संगणकावर जाणार असेल तर कोडमध्येच लिहिणे चांगले.

लॅटिन-१ ने आधीच तयार झालेल्या फाइलींबद्दल: मजकूर न कापता जसाच्या तसा वाचला असेल, तर ती स्ट्रिंग लॅटिन-१ मध्ये ‘एन्कोड’ आणि यूटीएफ-८ मध्ये ‘डिकोड’ केली की पूर्ववत होते. ‘स्प्लिटलाइन्स’ने तुकडे झाले असतील तर ८५ हा बाइट कायमचा गेला आहे. तिथे डागडुजी करत बसू नका, मूळ फाइलपासून पुन्हा सुरू करा. आणि मूळ मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर त्यात देवनागरी नसतेच, रोमन अक्षरांना मराठी रूप चढवलेले असते. त्याला आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावे लागते, एन्कोडिंग बदलून काही साधत नाही.

प्रश्न : जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला जाणारा रिपोर्ट फाइलमध्ये साठवला आहे. पायथनमध्ये ‘फॉर’ने फाइलवर फिरून मोजल्या तर ओळी कमी, ‘रीड’ करून ‘स्प्लिटलाइन्स’ केल्या तर जास्त. फाइल तीच आहे.
– वाचक, इतवारी

उत्तर : रिपोर्ट किती पानांचा आहे ते बघा. फरक जवळपास पानांइतकाच निघेल. प्रिंटरने कागद पुढच्या पानावर न्यावा म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटी फॉर्म फीड (आस्की १२) असतो. फाइलवर फिरताना पायथन फक्त १०, १३ आणि त्यांची जोडी मानतो. स्ट्रिंगचे ‘स्प्लिटलाइन्स’ मात्र या तिघांखेरीज व्हर्टिकल टॅब, फॉर्म फीड, आस्की २८, २९, ३०, वर सांगितलेले ‘नेक्स्ट लाइन’, आणि युनिकोडची २०२८ व २०२९ (ओळ आणि परिच्छेद तोडणारी अदृश्य अक्षरे) हेही ओळीचे शेवट मानते. न्यूलाइनच्या लगेच पुढे फॉर्म फीड आला की त्या दोघांमध्ये एक रिकामी ओळ तयार होते, पानागणिक एक.

तुमच्यासाठी फाइलवर ‘फॉर’ने फिरणेच योग्य. पानाची सुरुवात ओळखायला ओळीच्या आरंभी फॉर्म फीड आहे का ते पाहा. बाइट्सवरचे ‘स्प्लिटलाइन्स’ फक्त १०, १३ आणि जोडी एवढेच मानते, हेही लक्षात असू द्या.

जेसन लाइन्सच्या फाइलवर, म्हणजे ज्यात प्रत्येक ओळ ही जेसन या माहिती मांडण्याच्या पद्धतीतली एक स्वतंत्र नोंद असते तिथे, स्ट्रिंगचे ‘स्प्लिटलाइन्स’ वापरूच नये. वेबपानांवरून उचललेल्या मजकुरात २०२८ हे अक्षर सुटे येऊन बसलेले असते. जेसनला ते चालते, पण ‘स्प्लिटलाइन्स’ तिथे नोंद मधोमध तोडते.

प्रश्न : पायथनने सीएसव्ही लिहिली की एक्सेलमध्ये एकाआड एक रिकामी ओळ. आणि वाचताना ग्राहकांचे पत्ते तुटतात, एकाच ग्राहकाच्या तीन नोंदी होतात.
– दुकानचालक, सक्करदरा

उत्तर : दोन्ही दुखण्यांची कारणे वेगळी आहेत आणि औषधेही वेगळी. सीएसव्ही मॉड्यूल स्वतःच प्रत्येक नोंदीच्या शेवटी १३ व १० लिहिते. विंडोजवर साध्या पद्धतीने उघडलेली फाइल प्रत्येक १० च्या जागी पुन्हा १३ व १० घालते. झाले १३, १३, १०, आणि एक्सेलला जास्तीचा १३ म्हणजे रिकामी ओळ. ‘ओपन’मध्ये ‘न्यूलाइन=’ लिहून पुढे रिकामी अवतरणचिन्हे द्या. मग फाइल मध्ये लुडबूड करत नाही. वाचतानाही हेच द्यायचे.

पत्त्यांचे कारण असे. एक्सेलच्या एकाच घरात ऑल्ट-एंटर दाबून ‘सक्करदरा चौक’ आणि त्याखाली ‘उमरेड रोड’ लिहिले की घरातच एक न्यूलाइन बसते. सीएसव्हीमध्ये असे घर दुहेरी अवतरणात येते, आणि अवतरणातली न्यूलाइन हा मजकुराचा भाग असतो. सीएसव्हीचे नियम सांगणाऱ्या २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात हेच लिहिले आहे. तेव्हा सीएसव्ही ओळींत कापून मग स्वल्पविरामावर तोडणे मुळातच चूक. ‘सीएसव्ही.रीडर’ला फाइल द्या, तो अवतरणे मोजून नोंद पूर्ण होईपर्यंत पुढच्या ओळी ओढून घेतो. फाइलमध्ये एखादे अवतरण बंद करायचे राहिले असेल तर तो पुढच्या शेकडो ओळी एकाच घरात गिळतो. नोंदी अचानक फारच कमी आल्या तर असे न मिटलेले अवतरण शोधा.

प्रश्न : विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट सर्व्हरवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणते. आणि ‘व्हाइल रीड’ने यादी वाचली की शेवटचे नाव सुटते.
– वाचक, मिहान परिसर

उत्तर : ‘कॅट -ए’ (ए मोठ्या लिपीत) ने फाइल बघा. ओळीच्या टोकाला डॉलरच्या आधी टोपी आणि एम दिसले की तो १३ आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतल्या ‘बॅश’च्या नावालाच तो चिकटल्याने त्या नावाचा प्रोग्रॅम सापडत नाही. ‘डॉस२युनिक्स’ चालवा. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) वापरत असाल तर ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ’ लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही.

शेवटच्या नावानंतर एंटर नसेल तर ‘रीड’ नाव वाचते, पण ‘संपले’ असे सांगून परतते, आणि लूप आत न जाताच थांबतो. व्हेरिएबलचे नाव ‘लाइन’ असेल तर अटीपुढे दोन उभ्या रेघा देऊन [ -एन "$लाइन" ] जोडा. ‘रीड’ला ‘-आर’ द्यायला विसरू नका, नाहीतर मजकुरातले बॅकस्लॅश नाहीसे होतात.

प्रश्न : सी भाषेत ‘स्कॅनएफ’ने रोल नंबर घेतला की पुढचे ‘एफगेट्स’ नाव न विचारताच पुढे जाते. ‘एफफ्लश(एसटीडीइन)’ टाकले की चालते, पण दुसऱ्या संगणकावर नाही.
– अभियांत्रिकी विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : रोल नंबरनंतर तुम्ही दाबलेले एंटर ‘स्कॅनएफ’ उचलत नाही. ते तसेच पडून राहते, आणि ‘एफगेट्स’ला ती आयती, रिकामी ओळ मिळते. ‘एफफ्लश’ हे लेखनाच्या बाजूसाठी आहे. वाचनाच्या बाजूला त्याचे काय व्हावे हे सी च्या मानकाने ठरवलेले नाही, म्हणून एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर नाही. सगळे इनपुट ‘एफगेट्स’नेच ओळ-ओळ घ्या आणि आकडे त्या ओळीतून ‘एसस्कॅनएफ’ने काढा. प्रॅक्टिकलच्या वेळी ही सवय फार उपयोगी पडते.

‘एफगेट्स’ न्यूलाइन ओळीतच ठेवते. ती काढायला ‘लांबी वजा एक’ या जागी शून्य ठेवण्याची रीत सर्रास दिसते, पण शेवटच्या ओळीला एंटर नसेल तर तिथे खरे अक्षर कापले जाते. ‘एसटीआरसीएसपीएन’ला ओळ द्या, आणि दुसऱ्या जागी बॅकस्लॅश-आर व बॅकस्लॅश-एन असलेली स्ट्रिंग द्या. ते जो आकडा देते त्या जागी शून्य ठेवा. खूण नसेल तर तो आकडा स्ट्रिंगच्या शेवटाचाच असतो, काही बिघडत नाही.

१०० चा ॲरे दिला तर एका वेळी ९९ बाइटच येतात. देवनागरीत ती फार तर ३३ चिन्हे. ओळ लांब असेल तर उरलेला भाग पुढच्या खेपेला ‘नवी ओळ’ म्हणून येतो, आणि मध्ये एखादी मोकळी जागा असेल तर तीन बाइटचे चिन्ह मधूनच चिरले जाऊ शकते. न्यूलाइन मिळाली का हे तपासल्याशिवाय ओळ पूर्ण झाली असे धरू नका. ‘गेट्स’ तर वापरूच नका, ते सी११ मध्ये भाषेतूनच काढून टाकले आहे.

प्रश्न : ५८ मिमीच्या थर्मल प्रिंटरवर मराठी पावती छापायची आहे. पायथनच्या ‘टेक्स्टरॅप’ने ३२ अक्षरांवर ओळी पाडल्या. काही ओळी अर्ध्यातच संपतात, आणि लांब नावे भलत्याच जागी तुटतात, दुसरी ओळ नुसत्या काना-वेलांटीने सुरू होते.
– स्टेशनरी दुकानदार, सीताबर्डी

उत्तर : ३२ हा आकडा सारख्या रुंदीच्या रोमन अक्षरांचा आहे. मराठीला तो लावायचा नाही. ‘टेक्स्टरॅप’ युनिकोडची चिन्हे मोजतो. ‘विद्यार्थी’ कागदावर तीन अक्षरांचा शब्द आहे, पण त्यात चिन्हे दहा: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. म्हणून कागदावर जागा शिल्लक असतानाच ३२ भरतात. आणि मर्यादेपेक्षा लांब शब्द तो मुळातच चिन्हांच्या मध्ये तोडतो. कापणी ‘थ’ आणि वेलांटीच्या मध्ये पडली की वेलांटी खाली एकटी, ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते.

तातडीचा उपाय म्हणजे ‘ब्रेक_लाँग_वर्ड्स=फॉल्स’. शब्द तुटणे थांबेल, पण रुंदीचा प्रश्न राहील. कायमचा उपाय ठिपके मोजण्याचा आहे. ५८ मिमीच्या कागदावर छपाई साधारण ४८ मिमी रुंदीत होते, मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ३८४ ठिपके. अशा बऱ्याच प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, त्यामुळे पावती चित्र म्हणूनच पाठवावी लागते. मग ओळही चित्राच्या मापानेच पाडा.

पायथनच्या, चित्रे बनवणाऱ्या पिलो लायब्ररीत फॉन्ट उघडताना लेआउट ‘राक्म’ निवडा. आधी ‘फीचर्स.चेक’ने ते तुमच्या संगणकावर आहे का ते बघा. नसेल तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. त्या स्थितीत मोजलेली रुंदीही चुकीची. मग मजकूर मोकळ्या जागेवर तोडून शब्द घ्या, एकेक शब्द चालू ओळीला जोडा, आणि प्रत्येक वेळी अख्ख्या ओळीची ‘गेटलेंग्थ’ मोजा. सुट्या शब्दांच्या रुंदींची बेरीज करू नका, मधल्या मोकळ्या जागा राहून जातात. ३८४ ओलांडले की तो शब्द खालच्या ओळीवर. एकटा शब्दच ३८४ पेक्षा रुंद निघाला तर फॉन्ट दोन अंकांनी लहान करून पुन्हा मोजा.

‘स्प्लिट’ला मोकळी जागा अवतरणात स्पष्ट द्या. काहीच न देता केलेले ‘स्प्लिट()’ न तुटणाऱ्या मोकळ्या जागेवरही तोडते, आणि ‘रु.’ एका ओळीवर व ‘४५०’ पुढच्या ओळीवर अशी पावती निघते. रक्कम लिहिताना ‘रु.’ आणि आकडा यांच्यामध्ये युनिकोड ००ए० टाका, ती दोघे एकत्र राहतील.